बिटर्नची न्याहारी

बोरूच्या रानात शिरलेले गमबुटांचे ठसे दिसले आणि हेटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्लंडातल्या नॉरफकच्या त्या पाणथळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं — कडाक्याच्या थंडीत पायवाट सोडायची नाही. उपाशी पाखरू दचकून उडालं, की अंगातलं उरलंसुरलं बळही जातं. तळं चार दिवस गोठलेलं. आणि तिथला एकुलता एक बिटर्न, बगळ्याचा तो बोरूच्या रंगाचा बुजरा भाऊबंद, तिथेच आत उपाशी उभा होता.

पक्षी बघायच्या लाकडी लपणात एक तरुण खुशाल चहा पीत बसला होता. बुटांना चिखल. म्हणजे हाच तो.

लपणात एक वही असायची. येणारा जाणारा तीत नोंद करून सही करी. हेटीने आधी तीत लिहिलं, ‘आज एका मूर्खाने बोरूत पाय घातला.’ मग तोंडाचा पट्टा सोडला.

“मिळाला ना फोटो तुम्हाला? झालं तर मग. पाखरू मेलं तरी काय बिघडतंय.”

“कॅमेराच नाहीये माझ्याकडे,” म्हणत त्याने दुर्बीण पुढे केली.

बोरूच्या कडेला बर्फ फोडलेला होता. भोकाशी चिमुकल्या मासळ्या. बिटर्न एक पाऊल आला... थबकला... आणि एक मासळी गट्टम केली. हेटीने नकळत त्या तरुणाची बाही धरली. बाही गोठून कडक झाली होती. आत्ता कुठे तिच्या लक्षात आलं, त्याची छाती, पोट, गुडघे सगळं चिखलाने माखलेलं. पाखरू उडू नये म्हणून हा बाबा बोरूत शिरल्यावर पुढे चिखलाबर्फातून पोटावर सरपटत गेला होता.

ती आणखीच भडकली. “आणि बर्फ खचला असता म्हणजे? कुणाला पत्ता तरी लागला असता का? अक्कल कुठे गहाण टाकलीस?”

“काल वहीत तूच लिहिलंस ना — तीन दिवस उपाशी आहे, आणि कुणाला त्याची पडलेली नाही.” तो घुटमळला. “मला पडलीये. पाखराची... आणि लिहिणारीचीही. तीन हिवाळे तुझी भांडणं वाचतोय, हेटी. मी सायलस.”

स्वतःचा मफलर काढून हेटीने त्याच्या गळ्याभोवती करकचून गुंडाळला. मग वही ओढली आणि मूर्खाच्या ओळीखाली लिहिलं,

‘मूर्ख उद्या पुन्हा येणार आहे. दोर घेऊन मीही येतेय.’