सायीखालची नाडी

"कडेनं धर, शरयू. चारी बोटं कडेला. पोटावर अंगठा नको."

माधवरावांना जाऊन वर्ष झालं, तरी कार्डांचा अल्बम उघडला की शरयूताईंच्या कानात हे वाक्य जसंच्या तसं यायचं. आवाजात राग नसायचा. तापलेल्या तव्याजवळ 'हात सांभाळ' म्हणावं, तसं ते म्हणत. सांजवात झाली, देवापुढे हात जोडून झाले, की त्या पुढच्या खोलीत पाट मांडत, मऊ फडकं घेत आणि एकेका पानावरची धूळ टिपत. देवाची फुलं रोज बदलायची तसा हाही नेमच होऊन बसला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. कऱ्हाडच्या त्या तीन खोल्यांत संध्याकाळ जरा लवकरच उतरायची.

अल्बम होते कबड्डीपटूंच्या कार्डांचे. पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढं कार्ड, समोर खेळाडूचं चित्र, मागे त्याच्या चढायांचे आणि पकडींचे आकडे. अशी कार्डं जमवणारे पूर्वीही होते. पण मधल्या काळात बनावट कार्डांचा सुळसुळाट झाला, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी कार्डाच्या मधोमध एक पारदर्शक पापुद्रा बसवायला सुरुवात केली. शास्त्रज्ञांनी त्याला स्पंदपटल असं नाव दिलं. बाजारात सगळे साय म्हणू लागले. खेळाडू आपला अंगठा त्या सायीवर दाबून धरी. त्याच्या नाडीचा ठेका आणि अंगाची ऊब घेऊन सायीतले बारीक स्फटिक आपली रचना बदलत आणि ती धरून ठेवत. पुढे कुणीही तिथं अंगठा टेकवला की ऊब लागून स्फटिक जागे होत, आणि त्या खेळाडूची नाडी जशीच्या तशी बोटाखाली उडू लागे. तिची नक्कल करता येत नसे. नक्कल होऊ नये म्हणूनच तर ती साय आणली होती.

फक्त एक गोम होती. अंगठा जास्त वेळ राहिला, की साय आधीचा ठेका मिटवून घेऊन नव्या माणसाचा धरायची. माधवराव हे घड्याळावर सांगत. शरयूताईंचा हिशेब जपमाळेचा होता: चार-सहा मणी ओढेपर्यंत चालेल, त्यापुढे नको. असं हात लागून बिघडलेल्या कार्डाला जमवणारे 'उष्टं' म्हणत. उष्ट्या कार्डाला कुणी विचारत नसे.

माधवरावांच्या अल्बमात एकही उष्टं कार्ड नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा छंद धरला, तो सोवळं पाळावं तसा पाळला. आता पानापानावर तरण्याताठ्या पोरांच्या नाड्या झोपून होत्या. हव्या तेव्हा जाग्या करता आल्या असत्या. पण साऱ्या घरात माधवरावांची मात्र कुठंच नव्हती. सगळं कडेनं धरणाऱ्या माणसाची खूण उरणार तरी कुठं?

वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"शरयूताई का? आंबेवाडीची हौसाबाई शेलार बोलती. हणमंताची आई."

शरयूताईंनी पाट सरकवून बैठक मारली. हणमंत शेलार हा पाटणकडचा चढाईपटू. पहिल्याच हंगामात नाव झालं आणि सामन्याहून परतताना घाटात गाडी कोसळून गेला. त्याची कार्डं मुळात थोडीच निघाली होती. तो गेल्यावर ती हातोहात गेली, आणि प्रत्येकानं 'खरंच लागते का नाडी' हे बघण्याच्या नादात बहुतेक उष्टी करून ठेवली. माधवरावांकडं एक न बिघडलेलं होतं. हौसाबाईंकडं एकही नव्हतं.

"बोला, हौसाबाई."

"काय न्हाई ओ. सायबांचं वर्ष झालं आसंल म्हणलं. तुमी जेवलासा का?"

"हो, जेवले. तुम्ही?"

"हां, जेवायचं काय, टाकायचं दोन घास. त्ये कार्डाचं काय मी म्हणत न्हाई बरं का. सायबांनी सबूद दिलता, पर त्यांच्याच जिवाचं आसं झालं. गावलं तर गावलं. घाई न्हाई."

"मी बघते," शरयूताई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

गेल्या वर्षी त्या सकाळी माधवराव तेच कार्ड खिशात घालून निघाले होते. "आंबेवाडीला जाऊन येतो. त्या माउलीला शब्द दिलाय," असं म्हणून चपला घातल्या. शरयूताईंनी सांगितलं होतं, "देण्याआधी चाखत बसू नका म्हणजे झालं."

चाखणं ही जमवणाऱ्यांची रीत होती. कार्ड दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी देणाऱ्यानं क्षणभर अंगठा टेकवून नाडी जिवंत असल्याची खात्री करायची. शरयूताईंना ती मुळीच पटत नसे.

"नैवेद्य आधी आपण चाखतो का हो?"

"अगं, समोरचा काही देव नसतो. त्याला खात्री लागते."

"म्हणून उष्टं द्यायचं?"

"वेळेत अंगठा काढला की उष्टं होत नाही. तुझ्यापेक्षा माझं सोवळं कडक आहे," असं म्हणून ते हसले आणि जिना उतरून गेले. बसस्थानकावर पाटणच्या गाडीची वाट बघता बघताच ते बाकावर कलंडले.

दवाखान्यातून आलेली पिशवी शरयूताईंनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली होती. उघडायचा धीर झाला नव्हता. आता त्यांनी ती खाली काढली. चष्मा, घड्याळ, रुमाल, आणि रुमालाच्या घडीत हणमंताचं कार्ड. वरचं प्लास्टिकचं पाकीट नव्हतं.

कार्ड उघडं बघून त्यांच्या मनात चर्र झालं. त्यांनी ते कडेनं धरलं, देवापुढे नेलं, आणि खात्री करावी म्हणून अंगठा हलकेच सायीवर टेकवला.

पोराची नाडी लागेल असं वाटलं होतं. घोड्यासारखी, भरधाव. पण जे लागलं ते तसं नव्हतं. दोन ठोके, मग एक चुकलेला, मग घाईघाईनं एक, जसा एखादा माणूस पायरी चुकून पुन्हा सावरतो. ही चाल त्यांना पाठ होती. डॉक्टरांनी 'ठोका गळतो' असं सांगितल्यापासून किती दुपारी त्यांनी झोपलेल्या माधवरावांचं मनगट धरून ती ऐकली होती.

"कडेनं धर, शरयू."

त्यांनी अंगठा उचलला. वेळेत उचलला.

मग सगळं समजलं. बाकावर बसून त्यांनी कार्ड चाखायला घेतलं असणार, कळ आली ती तेव्हाच, आणि अंगठा काढायचा राहून गेला. उभ्या आयुष्यात त्यांनी उष्टं केलेलं हे एकच कार्ड.

त्या दिवसापासून शरयूताईंचा नेम बदलला. सांजवात झाली की त्या अल्बम उघडत नसत. देवाजवळच्या लाकडी डबीतून ते कार्ड काढत, एका हातात जपमाळ घेत, दुसऱ्या हाताचा अंगठा सायीवर ठेवत. चार मणी. कधी पाच. मग अंगठा उचलायचा, डबी मिटायची. तेवढ्या वेळात घर भरल्यासारखं व्हायचं. एकदा तर त्या नकळत बोलूनही गेल्या, "अहो, आज पाणीच आलं नाही नळाला." हौसाबाईंचा फोन पुन्हा एकदा वाजला. शरयूताई वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिल्या, आणि त्या संध्याकाळी त्यांना देवाकडं नीट बघवेना.

काही आठवड्यांनी ठेका बदलल्यासारखा वाटू लागला. चुकलेला ठोका कधी कधी चुकेनासा झाला. चाल सरळ होऊ लागली. माधवरावांची प्रकृती सुधारतेय, असं एक वेडं समाधान आधी मनाला चाटून गेलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी कार्ड डबीत ठेवलं, डबी पिशवीत घातली आणि नसीमाच्या दुकानाची वाट धरली.

नसीमा मुजावर कार्डं तपासायची. माधवराव तिचं नेहमीचं गिऱ्हाईक.

"या काकू. किती दिवसांनी. अल्बम काढताय का विकायला?"

"नाही गं. हे बघ जरा."

नसीमानं चिमट्यानं कार्ड घेऊन यंत्राच्या काचेखाली ठेवलं. पडद्यावर रेघा उमटल्या. तिनं त्या दोनदा ताडून पाहिल्या.

"हे काकांचं," ती शेवटी म्हणाली. "आणि त्यात तुम्ही."

"मी तर वेळेत उचलते."

"वेळेत उचललं तरी कणभर राहतंच, काकू. एकदा-दोनदा चालतं. रोज हात लावला की साचत जातं. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत काका पुसले जातील, तुम्ही राहाल."

शरयूताईंनी पदर नीट केला. "आणि हणमंत?"

"तो आहे की. जात नाही कुणी. पहिली नाडी असते ना, खुद्द खेळाडूची, ती कारखान्यात खोल पक्की करतात. वरचा थर उतरवला की खालची उघडी पडते. हे यंत्र यंदाच आलंय; उतरवायला वेळ लागत नाही, मात्र एका कार्डाला ते एकदाच चालतं." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. "पण वरची मग राहत नाही. दोन्ही नाही मिळत."

"तिला दुसरीकडं नेता येत नाही?"

"आली असती तर मी पहिल्यांदा अम्मीची नेली असती." नसीमानं काच पुसली. "कागदावर रेघा छापून देते हव्या तर."

"रेघांना हात लावून काय कळणार?"

"ते पण खरं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "एक सांगू? आंबेवाडीच्या बाईला सांगा, कार्ड गहाळ झालं. दवाखान्यात वस्तू जातात. थर पक्का करायचं औषध आहे माझ्याकडं. घरी न्या, महिन्या-दोन महिन्यांनी हात लावा, काका तुम्हाला जन्मभर पुरतील. कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारणार नव्हतं. ती बाई तर आधीच म्हणाली होती, घाई न्हाई. शरयूताई स्टुलावर बसून राहिल्या. बाहेर कुणीतरी कुणाला तरी शिट्टी मारून बोलावत होतं. त्यांना आंबेवाडी दिसत होती, कधी न पाहिलेली. तिथली सांजवेळ. तिथंही ती लवकरच उतरत असेल. तिथल्या बाईला दोन घास टाकायचे, आणि घरात मुलाचं ढाली-पेल्यांखेरीज काही नाही. आणि त्या मुलाची नाडी आपण रोज देवापुढे बसून, माळ ओढत, दाबून ठेवली. माधवरावांना चाखू नका म्हणून बजावलं आणि दुसरीच्या वाट्याचं ताट आपण गेले कित्येक दिवस समोर घेऊन बसलो.

"नसीमा, एकदा हात लावू?"

"लावा ना. आता काय बिघडणार आहे? मी आहे आत."

ती आतल्या खोलीत गेली. शरयूताईंनी अंगठा ठेवला. माळ घेतली नाही. दोन ठोके, एक चुकलेला, एक घाईचा. या वेळी अंगठा उचलायची घाई नव्हती, तरी त्यांनी तो उचलला. सवय होती, आणि ती माधवरावांनीच लावलेली होती.

"जाऊन येते," त्या पुटपुटल्या. घरातून निघताना ते म्हणत तसं. मग मोठ्यानं म्हणाल्या, "नसीमा, उतरव."

यंत्र थोडं गुणगुणलं. नसीमानं कार्ड नव्या पाकिटात घालून त्यांच्यासमोर ठेवलं. "चाखणार? रीत आहे."

"नको," शरयूताई म्हणाल्या. "तू सांगितलंस, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, उपासाचा. त्यांनी पहाटे उठून पूजा उरकली, खडीसाखर डब्यात घेतली आणि कार्ड लाकडी डबीत ठेवलं. घरातली शांतता रोजच्यापेक्षा मोठी वाटली. आता तिच्यात माधवरावांचं कुठंच काही झोपलेलं नव्हतं. जिन्यात त्या जरा थबकल्या. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटावर गेला. तिथं एक सरळ, साधा ठेका चालला होता. त्यांचाच.

चपला घालून त्या रस्त्याला लागल्या. पाटणची गाडी त्याच स्थानकावरून सुटायची. त्या बाकावर बसायचं नाही, उभंच राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. चालता चालता हौसाबाईंना काय काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव सुरू होती: कडेनं धरा. पोटावर अंगठा नको. नाडी लागली की चार मणी, फार तर पाच, आणि हात काढा. रोज तर नकोच. हे सगळं नीट समजावून सांगता येईल, तेवढं त्यांना येत होतं.

पण बोटाखाली पोराचा जीव धावायला लागल्यावर, आता अंगठा उचला, असं एका आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तिनं तो नाहीच उचलला, तर कार्ड उष्टं झालं म्हणायचं, की पोचलं म्हणायचं?