साखरांब्याचा हरजाना

धाडकन आवाज झाला आणि अरुंधतीच्या डोळ्यांदेखत माळवदावरची साखरांब्याची बरणी फुटली. चेंडू मात्र ऐटीत पाकात बसून राहिला!

तिचे वडील मार्तंडराव, म्हणजेच अप्पा, मंठ्याचे नामी वकील. घराला खेटून सरकारी मोकळी जागा होती. शाळेचे नवे मास्तर शरदचंद्र सुट्टीत रोज सकाळी तिथं पोरांना क्रिकेट शिकवायचे. खालून दाराची कडी वाजली, तशी ती चेंडू घेऊन जिना उतरली. दारात स्वतः मास्तर उभे. घामाघूम, बॅट काखेत.

"आमचा चेंडू... इकडं आल्ता का?"

"आल्ता ना. साखरांबा खाऊन राह्यलाय."

"म्हणजे... बरणी फुटली?"

"न्हाई तर काय, चेंडूनं दादऱ्याचं फडकं सोडून खाल्ला?"

तो हसला. बाई गं, अशा वेळी माणसानं इतकं छान हसू नये! तिनं चेंडू पुढं केला. बोटांना बोटं लागली आणि क्षणभर तिथंच राहिली... आता पाकच तो, सुटायला वेळ लागणारच.

"काय झालं?" मागून अप्पांचा आवाज आला. आईही पदराला हात पुसत बाहेर आली. दोघांनी चेंडू पाहिला आणि अप्पांच्या अंगात कचेरी संचारली.

"फटका कोणी मारला?"

"मी," शरदचंद्र म्हणाला. "हरजाना मीच देईन. नवी बरणी, नव्या कैऱ्या..."

"बरणीचं सोडा हो! आज बरणी फुटली, उद्या कुणाचं डोकं फुटेल. मैदान बिलकुल बंद! आजच तहसीलदारसाहेबांना अर्ज देतो."

अरुंधतीनं चमकून अप्पांकडं पाहिलं. अप्पांचा अर्ज कधी वाया जात नसे. मैदान बंद झालं तर मास्तर इकडं कशाला फिरकतील? आणि खरं काय ते तर तिलाच ठाऊक होतं. आईनं बरणी ठेवली होती जिन्याच्या खोलीमागं, आडोशाला. तिथं चेंडू सात जन्मांत पोचला नसता. पण तिथून मैदान दिसत नव्हतं ना! माकडांपासून बरणी राखायचं काम हौसेनं मागून घेतलं हिनंच, आणि रोज बरणी उचलून कठड्यापाशी नेली तीही हिनंच.

"अप्पा... सगळा दोष त्यांचा न्हाई. बरणी मी कडेला नेल्ती."

"का?"

"तिथं ऊन चांगलं पडतं."

"ऊन सगळ्या माळवदावर बराबर पडतं. का नेलीस?"

"तिथून... खेळ दिसतो."

"खेळ, का खेळणारा?" आईनं विचारलं.

अरुंधतीचे कान लाल झाले. आता धरणी फाटेल तर बरं, असं तिला वाटलं. तेवढ्यात शरदचंद्रानं घसा खाकरला.

"वकीलसाहेब, माझाही कबुलीजबाब घ्या. मैदान मोठं आहे. मी मात्र रोज ह्याच भिंतीपाशी यष्ट्या रोवतो."

"म्हणजे चेंडू मुद्दाम मारला?"

"न्हाई हो! चेंडू चुकून आला. नजर मात्र..." त्यानं माळवदाकडं पाहिलं. "नजर रोज येते. तुमची परवानगी असेल तर माझे वडील बोलायला येतील. म्हणजे... अरुंधतीबाईंचीही असेल तर."

अरुंधतीनं हळूच होकारार्थी मान हलवली आणि ती आईच्या मागं दडली.

अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. इतकी वर्षं वकिली केली, पण दोन्ही पक्ष गुन्हा कबूल करायला असे धावलेले त्यांनी पाहिले नव्हते. त्यांना हसू फुटलं.

"मंग फैसला ऐका. निम्मा दोष ह्यांचा, निम्मा हिचा. कैऱ्या मास्तरांनी आणायच्या, किसायच्या अरुंधतीनं. यष्ट्या पार त्या टोकाला रोवायच्या. अर्ज रद्द!"

आठवड्याभरात मास्तरांच्या गावाहून, शहागडहून, कैऱ्यांची टोपली आली. टोपलीमागं शरदचंद्राचे आई-वडीलही आले. सुपारी फुटली. दुसऱ्या दिवशी नव्या बरणीला दादरा बांधून अरुंधती माळवदावर निघाली, आणि सवयीनं कठड्याकडं वळली.

"जिन्याच्या खोलीमागंच ठेव गं," आई खालून ओरडली. "आता त्याला बघायला कडेला जायची गरज न्हाई!"