नापास गुलाबी

"हे दोन्ही सारखेच आहेत की हो," रंगाच्या दुकानात तो दोन शेडकार्डं डोळ्यांपाशी धरून म्हणत होता.

ती खिडकीच्या गजांसाठी काळा ऑइलपेंट घ्यायला आली होती. गप्प बसायला हवं होतं. पण...

"सारखे नाहीत," ती म्हणाली. "डाव्या गुलाबीत पिवळा जास्त आहे. बाहेर उन्हात नेऊन बघा."

तो खरंच बाहेर गेला आणि भुवया उंचावून परत आला. "डावा तर जर्दाळूसारखा निघाला! तुम्ही इथं काम करता?"

"नाही."

"मग?"

"कुणी चुकीचा रंग घेतलेला बघवत नाही मला."

"बाई, गिऱ्हाईक बाहेर पाठवू नका," दुकानदार कुरकुरला. "एकदा बाहेर गेलं की परत येत नाही."

ती कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत होती. रंगवलेल्या कापडाचा तुकडा मूळ नमुन्याशी जुळतो का, हे वेगवेगळ्या दिव्यांखाली बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं, हे तिचं काम. तिच्या शेऱ्यावर पुढचे तागे सुटत, त्यामुळे दिलेला शेरा ती कधी फिरवत नसे.

तो पूल बांधणारा इंजिनिअर. नुकतंच दोन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि दोन्ही खोल्यांना त्याला फिकट गुलाबी रंग हवा होता.

"पांढरं घर दवाखान्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "भिंतीला आत्ताच कुणीतरी काहीतरी गोड बोललंय — इतकाच गुलाबी हवा."

तिला हसू आलं. "असा शेडकार्डात नसतो. भिंतीवर लावून बघावा लागतो. सकाळी, संध्याकाळी, दिवे लागल्यावर..."

"मग तुम्हीच या की बघायला. सकाळी, संध्याकाळी, दिवे लागल्यावर."

दुकानदारानं उगीचच खोकून घेतलं.

घर कामावरून येतानाच्या वाटेवर आहे, असं तिनं आईला सांगितलं. ते वाटेवर अजिबात नव्हतं.

भिंतींना प्रायमर लागला होता. रंगारीकाका रोज डब्यात पांढऱ्या रंगात थोडा लाल कालवून भिंतीवर हातभर पट्टा ओढत आणि पट्टा वाळेपर्यंत ती दोघं पालथ्या बादल्यांवर बसून चहा पीत. मग ती उठायची, मान तिरकी करायची, खिडकीचं दार अर्धं लोटायची.

"नापास. निळसर झाक आहे."

"कुठं आहे झाक?"

"आहे."

"नापास मॅडम, तुमच्या घरी जेवण तरी पास होतं का?"

"आईला विचारा."

"विचारीन. पत्ता द्या."

ती चहाच्या कपात बघायची. काका शिडीवरूनच म्हणायचे, "अहो, भिंत आहे ही, साडी नाही! लावा काहीतरी आणि सोडा मला."

रोज एक पट्टा आणि रोज एक नापास. कधी रंग मातकट, कधी औषधी गोळीसारखा. इतका जुना रंगारी इतका कसा चुकतो, याचं तिला नवल वाटायचं. आणि बरंही वाटायचं.

एका संध्याकाळी त्यानं बातमी सांगितली. कंपनीनं दूरच्या एका नदीवरच्या पुलाचं काम देऊ केलं होतं, काही वर्षांचं. उद्या कळवायचं होतं.

"जायचंय तुम्हाला?" तिनं विचारलं.

"इथं राहायला काही कारण असेल, तर नाही." तो भिंतीकडे बघत होता. "आजचा पट्टा बघा ना."

तिनं पाहिलं. ऊन उतरत होतं. पट्टा वाळला होता... आणि तो बरोबर होता. गुलाबी आहे की नाही असं वाटावं, आणि नजर वळवली की आहे हे कळावं. तिनं दिवा लावला. तरी बरोबर. खिडकी लोटली. तरी बरोबर.

पास म्हटलं, की काका घर रंगवून मोकळे होणार. मग उद्या इथं कशासाठी यायचं?

"नापास," ती म्हणाली. "किंचित... पांढरा हवा अजून."

त्याचा चेहरा उतरला. "नक्की?"

"नक्की."

"मला आवडला होता हा. मी मनाशी ठरवलं होतं, आज तुम्ही पास म्हणालात, तर एक विचारायचं."

"काय?"

"नापास झाला ना? राहू दे आता." तो हसला, पण हसणं ओठांपाशीच थांबलं.

पुन्हा बघते, एवढंच म्हणायचं होतं. पण आजवर एकही शेरा न फिरवलेली जीभ वळली नाही. तिनं कप विसळून पालथा ठेवला आणि ती निघाली.

रात्रभर तिनं वाक्यं जुळवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जवळजवळ धावतच ती जिना चढली. दार उघडं होतं. दोन्ही खोल्या रंगवून झाल्या होत्या, त्याच नापास गुलाबीनं. तो खोकी बांधत होता.

"दुसरा हातसुद्धा दिला काकांनी. भाडेकरूंना चालेल हा," तो म्हणाला. "सकाळीच होकार कळवला मी."

"रंग बरोबर होता," ती धापा टाकत म्हणाली. "मी खोटं बोलले."

"खोटं? तुम्ही?"

"पास केला असता, तर परत यायला कारण उरलं नसतं."

तो खोक्यावरच बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसला. मग हसायचा थांबला.

"काकांना रोज मीच सांगायचो, थोडा चुकवा म्हणून. ते चिडायचे, धंद्याचं नाव जाईल म्हणायचे. काल पहिल्यांदा म्हटलं, काका, आज मनापासून बरोबर लावा."

खोलीत ओल्या रंगाचा वास होता. ती भिंतीला टेकणार होती, पण भिंत अजून वाळली नव्हती.

"होकार... मागे नाही घेता येणार?"

"मी नाही म्हटलं असतं तर जो जाणार होता ना, त्याच्या घरी बाळ येणार आहे. मी जातोय म्हटल्यावर आनंदानं रडायचाच बाकी राहिला होता. त्याला आता कुठल्या तोंडानं सांगू?"

तिनं मान हलवली. हे तिला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं.

"काय विचारणार होतात?"

"तुला इथं राहायला आवडेल का, असं." पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला. "पण आता थांब म्हणणार नाही. आपण एकमेकांना पुरेसं थांबवलंय."

ऊन खिडकीतून आत आलं. भिंती हळूहळू, अगदी त्याला हव्या होत्या तितक्याच, गुलाबी झाल्या.

"शेरा तरी दे," तो म्हणाला.

"पास."

"उशीर केलास, नापास मॅडम."

तो गेल्यानंतर एकदा प्रयोगशाळेतल्या सोबतिणीनं तिच्यापुढं फिकट गुलाबी कापडाचा एक तुकडा ठेवला. तिनं तो नमुन्याशेजारी धरला आणि पहिल्याच दिव्याखाली म्हणाली, "पास."

"अगं, बाकीचे दिवे?" सोबतीण चकित झाली. "तू तर तिन्ही दिवे लावल्याशिवाय..."

"बरोबर आहे तो," ती म्हणाली, आणि तुकडा लगेच हातावेगळा केला.