रचकयंत्राची परीक्षा

रेवाळीच्या गवतकेंद्रात सकाळी आठ वाजता परीक्षा सुरू होणार होती, आणि ती द्यायची होती एका यंत्राने.

गवताचे चौकोनी गठ्ठे उचलून गंजी लावणाऱ्या या रचकयंत्राला जानकी भोयेने नव्वद दिवस शिकवलं होतं. आज ते एकटं काम करणार होतं. दुपारी बारापर्यंत चारशे गठ्ठ्यांची गंजी उभी राहिली, की जानकी तालुक्यातल्या बाराही गवतकेंद्रांची यंत्रगुरू! तिने हे गावभर सांगूनही टाकलं होतं.

"शिकतं कसं हे?" परीक्षक डॉ. रणदिव्यांनी विचारलं.

"चालकाच्या हातात स्मरणमोजा असतो," अभियंता साळवी म्हणाला. "हात जे करतो, ते यंत्र टिपतं. का केलं, ते त्याला कळत नाही. फक्त वागणं शिकतं."

त्याने कळ दाबली. यंत्र गुरगुरलं, चारशे गठ्ठ्यांकडे पाठ फिरवून बांध ओलांडून गेलं, थेट शेजारच्या लहानूकाकांच्या शेतात! तिथे काकांनी गेल्या वर्षी शिकवलेलं यंत्र उभं होतं. तेही सुरू झालं आणि दोघं मिळून काकांची गंजी रचू लागली.

"जानकी, मोजा घालून तू नक्की काय काय केलंस?" साळवीने विचारलं.

जानकीचा चेहरा उतरला. "सावड, सर. आम्ही एकमेकांची कामं मिळून करतो, वयाने मोठ्याचं आधी. तिकडे जाताना मोजा काढायचा राहिला."

"रोज?"

"रोजच राहिला."

काका बांधावर येऊन बसले. "पोरी, यंत्र तुझ्यापेक्षा बरं. वेळेवर आलं."

साडेनऊला साळवीने 'अनुत्तीर्ण' लिहायला पेन काढलं.

"थांबा," डॉ. रणदिवे म्हणाल्या. "काकांचं यंत्रही वागणंच शिकलंय ना?"

दहाला काकांची गंजी झाली, आणि दोन्ही यंत्रं एकामागोमाग बांध ओलांडून इकडे आली. पावणेबाराला चारशेवा गठ्ठा चढला. जानकी तिथल्या तिथे नाचली. साळवीसुद्धा, थोडासा.

तेवढ्यात काकांचं यंत्र जानकीच्या घराकडे निघालं. दारात जाऊन थांबलं, ते हलेचना.

"आता हे काय?" साळवीने विचारलं.

"ज्याची गंजी, त्याच्याकडे जेवण," काका म्हणाले. "मी मोजा न काढता यंत्रावर बसूनच जायचो."

साळवीने गंभीरपणे वही उघडली. "किती भाकऱ्या झाल्या की परत फिरतं?"

"चार," म्हणत जानकी चूल पेटवायला आत पळाली.