डावखुरी गाठ

शेगडीजवळ सरका, आणि मधेच खिदळायचं नाही. ही आमच्या शेजारच्या क्लेम रॉडाची गोष्ट. अर्धी त्यानं सांगितलेली, अर्धी मी डोळ्यांनी बघितलेली.

जुलैतला दुसरा शुक्रवार, म्हणजे आमच्याकडं ऐन हिवाळा. आमच्या मूंटा गावात आखातावरचं वारं हाडात शिरत होतं. दिवेलागणीला ट्रूडी आली, मेलेल्या जॅकची नात. हातात आजोबाचा गिटारचा ॲम्प्लिफायर, काचेच्या व्हॉल्व्हचा, मुका झालेला. त्यावर ना नाव, ना नंबर.

"क्लेमकाका, संग्रहालयवाले ठेवून घेतायत. पण खाली बनवणाऱ्याचं नाव पाहिजे म्हणतात. कुणाचा हा?"

"मूंटात माझ्याशिवाय कोण बनवत होतं?"

"मग तुमच्या नावाची पट्टी कशी नाही?"

"आधी उघडून तर बघू दे. पोर बघायच्या आधीच बाप विचारतेस."

ट्रूडी हसत गेली. क्लेमनं मागची फळी काढली आणि त्याचं तोंड कडू झालं. आतल्या तारा मेण लावलेल्या दोऱ्यानं जुडीसारख्या बांधलेल्या, आणि प्रत्येक गाठीचा वळसा उलटा. असली गाठ एकच बाई मारायची. त्याची बायको, वर्ना. डावखुरी.

गावाला वाटायचं, सगळं क्लेमचं. खरं तर डाख ती द्यायची, तारा ती बांधायची. हा शहाणा पुढं आपल्या नावाची पट्टी ठोकायचा. हा ॲम्प्लिफायर तर तिनं सगळाच आपल्या डोक्यानं केलेला. म्हणाली, "याला माझं नाव लाव." क्लेम चारचौघांत म्हणाला, "बायकांचं नाव पॅस्टीच्या कोपऱ्यात शोभतं." पॅस्टी म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी; आमच्याकडं तिच्या कणकेवर खाणाऱ्याचं अक्षर काढतात, म्हणून सगळे हसले. वर्ना हसली नाही. तिनं तो बिननावाचाच जॅकला देऊन टाकला. पुढं ती गेली. थडग्यावरसुद्धा तिच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत कोरलंय, 'क्लेम रॉडाची पत्नी'. आणि तिचं मेणदोऱ्याचं रीळ त्यानं शेगडीत घातलं.

त्या रात्री क्लेमनं फुगलेले कंडेन्सर काढले, नवे घातले. दारं लावलेली. कवळी ग्लासात. खणातून आपली शेवटची पट्टी काढून ठेवली. आता खोटं ठरवायला होतं कोण?

इतकं जुनं यंत्र एकदम विजेला जोडत नाहीत, मधे एक दिवा घालतात. आत जळालेलं असेल तर दिवा भडकलेलाच राहतो, ठीक असेल तर भडकून मंदावतो. खोलीतला उजेड मालवून त्यानं खटका दाबला. दिवा भडकला... मंदावला. व्हॉल्व्ह लाल झाले. ठीक.

गिटार जोडलेली नव्हती. तरी आतून आवाज आला.

गुणगुण. नाकातून.

वर्ना गाठ मारताना दोऱ्याचं टोक दातांत धरायची. तोंड उघडता यायचं नाही, म्हणून अशीच गुणगुणायची.

क्लेमनं खटका बंद केला. तो दिवाही गेला. बंद केल्यावर असल्या यंत्राचा आवाज क्षणभर रेंगाळतो, हे त्याला ठाऊक होतं. तो थांबला.

आवाज थांबला नाही.

त्यानं वायर उपटली. व्हॉल्व्ह काळे पडले.

गुणगुण चालूच...

"वर्ना..."

गुणगुण बंद. कुणी कान देऊन ऐकावं तशी.

तेव्हा तरी तुझं नाव लावतो म्हणायचं की नाही? पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. म्हातारा अंधारात म्हणाला, "पट्टी माझीच लागणार."

चाचपडत स्क्रू बसवला. एक... दुसरा...

कानाशी दोरा तोडल्याचा आवाज आला. कट्.

पुढचं त्याला आठवत नाही.

सकाळी मी गरम पॅस्टी घेऊन गेले, कोपऱ्यात 'क' काढलेली. हाका मारून दमले. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. क्लेम टेबलाशी बसलेला, जिवंत, डोळे सताड उघडे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून मेणदोऱ्यानं तारांच्या जुडीसारखी बांधलेली. काळीनिळी पडेपर्यंत घट्ट. प्रत्येक गाठीचा वळसा उलटा.

"कुणी बांधलं रे?"

"काप आधी."

मी कात्रीनं कापलं. बोटं चोळत तो हळूहळू सगळं बोलला, आणि वर म्हणाला, "ट्रूडीला काही सांगू नकोस."

"नाव कुणाचं सांगणार आहेस?"

"...माझंच."

संग्रहालयात जाऊन बघा, अजून त्याचंच आहे. मीही तेव्हा तोंड उघडलं नाही.

दोरा मात्र मी ॲप्रनच्या खिशात घातला. आजही माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. इतकी वर्षं झाली, मेण बोटाला चिकटतं. आणि त्याचं एक टोक कापलेलं नाही, चावून तोडलेलं आहे. दातांची खूण स्पष्ट दिसते.

क्लेमचे दात तर रात्रभर ग्लासात होते.