घाबरलेला बाजार

तिनं स्टुडिओचं दार ढकललं, त्याच क्षणी आतून कुणीतरी ते ओढलं... आणि ती जवळजवळ त्याच्या अंगावरच आदळली.

"सावकाश! बाजार पडतोय तेवढं पुरे. तुम्ही नका पडू."

या निवेदकाचा आवाज ती रोज रेडिओवर ऐकायची. शेअर बाजारावर नेहमी बोलणाऱ्या तिच्या सरांचा घसा बसला होता, म्हणून ऑफिसनं तिला पाठवलं होतं. माइकसमोर ती पहिल्यांदाच बसत होती.

"बाजार कुठे चाललाय?" निवेदकानं विचारलं.

"लोकांचा मूड काय आहे, ते सांगते. बाजार पडेल म्हणून पैज लावणारे खूप वाढलेत. भीतीचा निर्देशांकही बराच चढलाय. सगळेच एवढे घाबरले, की ज्यांना विकायचं असतं ते बहुतेक विकून मोकळे होतात. मग बाजार वळायची शक्यता वाढते."

"म्हणजे वळेल?"

तो गालाला हात लावून तिच्याकडे बघत होता. अगदी मनापासून.

"या आठवड्यातच!" ती बोलून गेली.

आठवडाभर बाजार आणखी गडगडला. रेडिओवर रागावलेल्यांचे फोन आले. सर बसलेल्या घशानंच ओरडले, "दिवस सांगायला कुणी सांगितलं होतं तुला?"

घरी आई तेवढी म्हणाली, "तो रेडिओवरचा मुलगा मात्र बोलायला गोड आहे हं."

"आई, प्लीज!"

मग त्याचाच फोन आला. "पुन्हा याल? नकोसं वाटत असेल तर... आजारी आहात म्हणून सांगतो."

"आजारी नाहीये. चुकलेय. येते मी."

ती गेली. माइकसमोर सरळ म्हणाली, "भीती किती आहे, हे मोजता येतं. ती कधी ओसरेल, हे नाही. 'या आठवड्यात' हे मी पदरचं घातलं. माझ्यावर विसंबलेल्यांची मी माफी मागते."

'ऑन एअर'चा लाल दिवा विझला. पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवत त्यानं हळूच विचारलं, "पदरचं... का घातलंत?"

"तुम्ही असे बघत होतात..." ती ग्लासाकडेच बघत राहिली. "नुसतं 'शक्यता आहे' म्हणवेना."

तो लाजला. चक्क कानापर्यंत!

"मग मीही कबूल करतो. तुम्हाला पुन्हा बोलवायला वरचे तयार नव्हते. मीच हटून बसलो."

"का?"

एरवी घडाघडा बोलणारा तो अडखळला. "चूक झाली तरी तुम्ही तोंड लपवणार नाही, असं वाटलं. आणि... तुम्ही मला आवडता. खूप."

बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली. पुढचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. दोघंही जागचे हलले नाहीत.

"मग आधी एक कर," ती हसून म्हणाली.

"काय?"

"हे अहो-जाहो सोड."