मृतपट्टा

विमानात माणूस बसवायची पद्धत अजून मोडली नव्हती. धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत विमानं सगळं आपलं आपण बघत. तरी पुढच्या काचेमागे खांद्यावर चार पट्ट्या लावलेला कोणी दिसला नाही, तर प्रवासी पाय आत टाकत नसत. कॅप्टन जयसिंग घोरपडे या नव्या वैमानिकांना पगारी पुतळे म्हणत. आपण मात्र शेवटचे खरे वैमानिक, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नऊ वर्षांपूर्वी अंदमानच्या वादळात त्यांनी स्वतःच्या हाताने विमान उतरवलं होतं. ही गोष्ट सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती. ज्यांना नव्हती, त्यांना लिफ्टमध्ये ऐकावी लागे.

निवृत्तीनंतर विमान कंपनीने त्यांना भेट पाठवली: घरी बसून विमान उडवण्याचा संच. जॉयस्टिक, थ्रॉटल, भिंतभर पडदा, आणि त्यात त्याच अंदमानच्या उड्डाणाची संपूर्ण नोंद. संध्याकाळी सोसायटीची मंडळी बघायला येणार होती. त्यात सेक्रेटरी गर्गेही होते, स्वतः गाडी चालवायचा हट्ट धरणारे आणि पार्किंगच्या खांबावर दर आठवड्याला नवा ओरखडा उमटवणारे. अशा लोकांना हाताने चालवणं म्हणजे काय ते एकदा दाखवावंच, असं कॅप्टनना फार दिवस वाटत होतं.

संच बसवायला आलेली बाई पाहून मात्र त्यांचं तोंड कडू झालं. शलाका बनसोड. त्या दिवशीची त्यांची सहवैमानिक.

"तू? आता घरोघरी जॉयस्टिक बसवत फिरतेस?"

"प्रयोगशाळेत बनवते, सर. तुमचा बसवायला मुद्दाम आले."

वादळात तिने आपल्या बाजूच्या, विमान वळवायच्या दांड्यावरचा हात काढून घेतला होता. चौकशीत कॅप्टननी एकच वाक्य सांगितलं, 'घाबरून हात सोडले,' आणि तिचा परवाना गेला. पुढे तिने विमानाच्या दांड्यांच्याच विषयात डॉक्टरेट केली म्हणे. कॅप्टनच्या लेखी त्याने काही फरक पडत नव्हता. पळपुटं माणूस शिकलं, तर शिकलेलं पळपुटं होतं, एवढंच.

शलाकाने टेबलाच्या डाव्या कडेला जॉयस्टिक आवळली, उजवीकडे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायची मूठ.

"निदान एवढं तरी आठवतंय," कॅप्टन म्हणाले. "हौशी गाढवं उलटं लावतात. कॅप्टन डावीकडे बसतो, दांडा त्याच्या डाव्या हाताला, हेच त्यांना ठाऊक नसतं."

"दांडा चारी कोपऱ्यांत फिरवा, सर. आता सोडा."

पडद्यावरचा लाल ठिपका मध्याजवळ आला आणि तिथेच थरथरत राहिला.

"खराब आहे हे."

"नाही सर. कुठलीच स्प्रिंग अगदी मधोमध परतत नाही आणि कुठलाच हात पूर्ण स्थिर नसतो. म्हणून मध्ये थोडी जागा अशी सोडतात, की तिथली हालचाल यंत्राने मोजायचीच नाही. आम्ही तिला मृतपट्टा म्हणतो."

"थरथरणाऱ्यांची सोय! माझा शून्य ठेव."

"पण त्या दिवशी विमानात..."

"शून्य म्हणालो ना?"

तिने शून्य ठेवला. कॅप्टननी विमान वादळात घातलं आणि सरळ समुद्रात नेलं. दुसऱ्यांदा पंख जमिनीला घासला. तिसऱ्यांदा धावपट्टी कुठल्या कुठे राहिली. कॅप्टननी खुर्चीला नावं ठेवली, पडद्याला ठेवली, शेवटी शलाकाला ठेवली.

तिने त्या दिवशीच्या विमानाची मांडणी जशीच्या तशी चढवली. या वेळी चाकं अलगद टेकली.

"बघितलंस? हात लागतो त्याला!"

"आता पुन्हा उतरवा. पण मध्येच हात काढा."

"तुझ्यासारखा?"

"हो सर. माझ्यासारखा."

केवळ तिचं तोंड बंद करायला कॅप्टननी हात उचलला. दांडा आपोआप डावीकडे गेला, उजवीकडे आला. थ्रॉटलची मूठ कोणी न ओढता मागे सरकली. विमान उतरलं, तितकंच अलगद.

कॅप्टननी दांडा बोटाने जरा ढकलून पाहिला. "त्या दिवशी मृतपट्टा केवढा होता?" त्यांनी विचारलं.

"संपूर्ण. दांड्याला हाताचा ताण कळतो. हात घाबरला, की पट्टा रुंदावत जातो. मग संगणक स्वतः करणार असेल तीच हालचाल पुढे जाते, बाकीची टाकून दिली जाते. आणि आतली मोटर दांडा फिरवत राहते, म्हणून हाताला वाटतं, आपणच वळवतोय. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी डावीकडे पूर्ण रेटला, विमान उजवीकडे गेलं. म्हणून हात सोडला. ओरडून सांगितलंही, 'सर, आपण चालवत नाही आहोत.'"

ती ओरडली होती खरी. कॅप्टनना तेव्हा ते रडणं वाटलं होतं.

"मग दांडा ठेवतात कशाला?"

"उतरलं तर टाळ्या कोणासाठी वाजवायच्या आणि पडलं तर कोणाला धरायचं? त्यासाठी माणूस लागतो." तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आज लोकांसमोर एकदा खरं सांगा, सर. मी सांगितलं तर पळपुटी बाई बोलतेय म्हणतील. तुमच्या शब्दाला वजन आहे."

दारावरची बेल वाजली.

"कोणता पट्टा ठेवू?" शलाकाने विचारलं. "शून्य की त्या दिवशीचा?"

कॅप्टननी सदऱ्याची कॉलर नीट केली. "त्या दिवशीचा," ते म्हणाले.

मंडळी आली, भजी झाली, विमान उतरलं, टाळ्या पडल्या. तुमच्या जोडीला कोणी नव्हतं का, असं कोणीतरी विचारलंच. "होती एक," कॅप्टन पडद्याकडे बघत म्हणाले. "तिने हात सोडले."

"मी बसू का हो?" गर्गेंनी विचारलं.

"हे खेळणं नाही, गर्गे."

पण लोक आग्रह करू लागले आणि गर्गे बसलेही. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी पकडला, डोळे मिटले, वाट्टेल तसा ओढला. विमान धावपट्टीवर उतरलं. कॅप्टनचं उतरलं होतं, त्याच रेषेवर.

टाळ्या वाजल्या, मघापेक्षा जास्त. गर्गेंना घाम फुटला होता आणि त्यांची छाती फुगली होती. "वारा फार होता," ते सगळ्यांना सांगू लागले, "पण मी धरून ठेवलं!"

शलाकाच्या ओळखपत्रावरचं नाव वाचून कोणीतरी त्यांच्या कानात काही सांगितलं. गर्गे वळले. कोपऱ्यात शलाका हत्यारं पिशवीत भरत होती.

"तुम्हीच का त्या? वाईट वाटून घेऊ नका हं मॅडम," गर्गे मायेने म्हणाले, "पण अशा वेळी हात सोडायचे नसतात. हे रक्तातच असावं लागतं. काय कॅप्टनसाहेब?"

शलाकाने कॅप्टनकडे पाहिलं. नऊ वर्षं ते लिफ्टमध्ये हेच वाक्य बोलत आले होते, शब्दही तेच, सूरही तोच. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं मूर्ख वाटेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

"बरोबर आहे," कॅप्टन म्हणाले आणि पुढच्या माणसाला बसायला त्यांनी खुर्ची ओढून दिली.